शेवट कळलाच पाहिजे, असं आपल्याला का वाटतं?

पारिजात

नमस्कार मंडळी. बरेच महिने डोक्यात असलेला विषय आज लिहितेय. लांबलाय, पण वाचा.

मी परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. पूर्वी आत टेबलावर होते, आता रिपोर्ट देण्याच्या काउंटरवर असते. टाटा, केईएम, वाडिया सगळं जवळच, त्यामुळे आमच्याकडे येणारा माणूस बहुतेकदा साध्या तापासाठी आलेला नसतो. बायोप्सीचा तुकडा आला की तो आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरावा लागतो. मग रात्रभर मशीनमध्ये जातो, मेणाच्या ठोकळ्यात बसवला जातो, त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप निघतात, ते रंगवले जातात आणि मग कुठे डॉक्टर ते मायक्रोस्कोपखाली घेतात. शंका उरली तर आयएचसी, म्हणजे पेशींचा प्रकार ओळखायची खास रंगचाचणी. त्याला आणखी काही दिवस. यात घाई चालत नाही. नातेवाइकांना हे समजावलं की समजतं, तरी तारखेच्या आधी येऊन उभे राहतात. "ताई, नुसतं सांगा, चांगलंय ना?" मला सांगायची परवानगी नसते आणि बहुतेक वेळा ठाऊकही नसतं. मग ते माझा चेहरा वाचायला लागतात.

इतक्या वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. वाईट रिपोर्ट हातात पडलेला माणूस रडतो, मटकन बसतो, पण थोड्या वेळाने फोन लावतो आणि सरळ आवाजात सांगतो, "हो, तेच आहे. आता पुढचं विचारायला डॉक्टरांकडे चाललोय." याउलट रिपोर्टवर "नमुना अपुरा, पुन्हा तपासणी करावी" असं आलं की भल्याभल्यांचा तोल जातो. ओरडतात, काच आपटतात. खरं तर त्यांना वाईट काहीच सांगितलेलं नसतं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये यावर एक प्रयोग झाला होता, २०१६ साली प्रसिद्ध झाला. पंचेचाळीस जणांना संगणकावर दगड दाखवायचे, खाली साप आहे की नाही ते ओळखायचं, आणि साप निघाला की हाताला विजेचा छोटा झटका. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना लोकांना जितका ताण आला, त्याहून जास्त ताण बसेल-न बसेल अशी अर्धी-अर्धी शक्यता असताना आला. घाम आणि डोळ्यांतल्या बाहुल्यांचा आकार मोजून पाहिलं होतं, नुसतं विचारून नाही. वाचलं तेव्हा माझा अख्खा काउंटर डोळ्यांसमोर आला.

यावर सर्वात जास्त काम केलंय ते एरी क्रुग्लान्स्की या मानसशास्त्रज्ञाने. जन्म पोलंडचा, काम अमेरिकेत मेरिलंड विद्यापीठात. १९९४ मध्ये त्यांनी आणि डोना वेबस्टर यांनी नक्की उत्तर मिळण्याची ही गरज मोजायची प्रश्नावली केली. काही माणसांना ठरलेलं, नेमकं, आधी कळलेलं लागतंच. काहींना अधांतरी राहणं तितकं जड जात नाही. पण मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. ही गरज स्वभावाइतकीच परिस्थितीवरही अवलंबून असते. थकवा, गोंगाट आणि वेळेची घाई यांनी ती कोणाचीही वाढते. वाढली की माणूस दोन गोष्टी करतो. हाताला लागेल ते पहिलं उत्तर झडप घालून पकडतो, आणि मग ते सोडत नाही, वेगळं काही पुढे आलं तरी.

थकवा, गोंगाट, घाई. म्हणजे मुंबईच की! कर्जतहून पहाटे निघून, दोनदा गाडी बदलून, इस्पितळात रांग लावून आमच्याकडे पोचलेल्या माणसाने माझ्या चेहऱ्यावरून निकाल ठरवला, वाटेत भेटलेल्या कुणीतरी सांगितलेल्या वैद्याचं नाव घट्ट धरून ठेवलं, तर त्याला अडाणी म्हणू नये. त्या क्षणी त्याला खरं उत्तर हवं असतं त्यापेक्षा तो अधांतरीपणा संपायला हवा असतो.

रिपोर्ट निदान येतो तरी. मला विचारायचंय ते ज्यांचं उत्तर आलंच नाही अशांबद्दल. अर्ध्यात तुटलेली नाती, निघून गेलेली माणसं, कारण न सांगता बंद झालेली कामं. तुम्ही काय केलंत? कुठलं उत्तर पकडलंत? ते टिकलं का?

---

भायखळा_फास्ट

कुर्ला आणि सायनच्या मध्ये गाडी थांबते तेव्हाचं आठवलं. पंखे बंद, घोषणा नाही. पाच मिनिटांत डब्यात चार कहाण्या तयार होतात. कोणीतरी पडलं, ओव्हरहेड वायर तुटली, पुढची गाडी बंद पडली. प्रत्येक जण आपली कहाणी छातीठोक सांगतो आणि दुसऱ्याच्या अंगावर जातो. मग घोषणा होते, "सिग्नल बिघाडामुळे वीस मिनिटं उशीर", आणि सगळे शांत. वीस मिनिटं लागणारच आहेत, तरी शांत!

---

सदाफुली

ताई, किती नेमकं लिहिलंय.

आमच्या घरात "कळवतो" या शब्दाने फार त्रास दिलाय. धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघत होतो तेव्हाची गोष्ट. कांदेपोहे होतात, मुलगा-मुलगी गच्चीत जाऊन बोलतात, निघताना मुलाचे वडील हात जोडून म्हणतात, "दोन दिवसांत कळवतो." मग काहीच नाही. नकार आला असता तर आईने त्याच संध्याकाळी वधू-वर मंडळाची पुढची यादी काढली असती. गप्प राहिल्यावर मात्र घरात शोध सुरू. उंची सांगायला नको होती का? चाळीत राहतो म्हणून का? पत्रिकेत मंगळ दिसला का? शेवटी आईने ठरवलं की बहिणीची नोकरी आड आली, आणि ते इतकं पक्कं धरलं की पुढच्या दोन स्थळांना ती नोकरीबद्दल सांगेचना. बहीण खूप दुखावली. नाही म्हणायला एक फोन लागतो हो. लोकांना वाटतं नकार न देणं म्हणजे सौजन्य.

---

मुळाक्षर

चांगला धागा. एक भर आणि एक सावधगिरी.

ब्ल्यूमा झायगार्निक ही मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांची बर्लिनमधली विद्यार्थिनी. तिचा १९२७ चा निबंध प्रसिद्ध आहे: अर्धवट राहिलेली कामं पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात. हे सगळीकडे सांगितलं जातं, पण नंतरच्या लोकांनी केलेले प्रयोग एकसारखे निघाले नाहीत. २०२५ मध्ये उपलब्ध प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा स्मरणाचा हा फायदा दिसला नाही. टिकलं ते तिचीच सहकारी मारिया ओव्हसियान्किना हिचं निरीक्षण: अर्धवट सोडलेल्या कामाकडे माणूस संधी मिळताच परत वळतो, कोणी सांगितलं नाही तरी.

मला हे जास्त खरं वाटतं. न संपलेली गोष्ट रोज आठवतेच असं नाही. पण रिकामा वेळ मिळाला की हात तिकडेच जातो. जुने मेसेज उघडून बघणं हे त्यातलंच.

---

निवांत_पार्लेकर

सर्वांचे अनुभव वाचले. वयाने मोठा आहे म्हणून सांगतो. आपल्याकडे याचं उत्तर आधीच देऊन ठेवलंय. फळाची आशा न ठेवता कर्म करावं. कळलं तर कळलं, नाही तर ईश्वरेच्छा. सगळ्याचा शेवट कळलाच पाहिजे हा हट्टच दुःखाचं मूळ आहे. सोडून द्यायला शिका.

---

लालबागची_लेक

पार्लेकर काका, तुमचा मान ठेवून सांगते, हे सगळ्यांना लागू होत नाही.

माझे बाबा कापड गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर काम करायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, गिरणगाव सगळं थंड. तो संप कधी संपला माहितीये? कधीच नाही. डॉ. दत्ता सामंतांच्या युनियनने तो मागे घेतल्याचं कधी औपचारिकपणे जाहीर केलंच नाही. गिरण्या काही पुन्हा थोड्याफार चालू झाल्या, काही आजारी म्हणून पडून राहिल्या, काहींच्या जागी आज काचेचे मॉल आहेत. बाबांच्या गिरणीने त्यांना काढलं असं पत्र दिलं नाही, कामावर या असंही सांगितलं नाही.

याचा घरात काय अर्थ होतो ते सांगते. बाबा दुसरी कायमची नोकरी धरेनात, कारण "भोंगा झाला की जावं लागेल". गावी शेती करायला जाईनात, कारण खोली सोडली आणि गिरणी सुरू झाली तर? आई खानावळीचे डबे करायची. बाबा तात्पुरतं हमालीचं काम करायचे आणि त्याला "मधल्या काळातलं" म्हणायचे. तो मधला काळ त्यांच्या आयुष्याचा उरलेला भाग होता. गिरणीचा पास त्यांनी अखेरपर्यंत खिशात ठेवला.

बाबांना हट्टी म्हणणारे बरेच होते, आमच्याच चाळीत. मी म्हणते, हट्ट कसला? ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगितलं नाही. मालकांना माहीत होतं गिरणी चालवायची नाही. सरकारला आकडे दिसत होते. कोणीतरी १९८४ मध्ये समोर येऊन म्हणालं असतं, "संपलं, आता हे तुमचे पैसे," तर माझा बाप रडला असता, दोन महिने भांडला असता आणि मग नक्की काहीतरी केलं असतं. त्यांना सोडून द्यायला शिका म्हणणं सोपं आहे. सोडायचं काय तेच कुणी हातात दिलं नव्हतं.

---

भायखळा_फास्ट

लेक, सुन्न झालो वाचून. माझे मामा पण होते, कातणखात्यात. तेही शेवटपर्यंत "संप चालू आहे" म्हणायचे. आम्हाला वाटायचं बोलायची पद्धत आहे.

---

बोरिवली_स्लो

११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट, १८० हून अधिक माणसं गेली. त्यात माझ्या ऑफिसमधला एक जण होता, शेजारच्या टेबलावरचा. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं तेव्हा त्याच्या बायकोने आम्हाला फोन केला होता, झालं एकदाचं म्हणून. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्याला स्थगिती दिली, पण सुटलेले सुटले.

वहिनींना भेटायला गेलो. मला वाटलं त्या संतापलेल्या असतील. त्या म्हणाल्या, "ज्यांनी केलं नाही ते आत बसले असतील तर ते मला नकोय. पण मग कोणी केलं ते सांगा ना कुणीतरी." एकोणीस वर्षांनी परत पहिल्या पानावर. ताईंनी लिहिलंय ना, झडप घालून पकडलेलं उत्तर. ते एखाद्या माणसाच्या बाबतीत समजू शकतो. यंत्रणेने तसं केलं तर त्याची किंमत दोन्हीकडची घरं भरतात.

---

रेवसचा_धक्का

आमचं गाव मांडव्याजवळ. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकापाशी बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. किनाऱ्यावर पुढे कितीतरी दिवस प्रेतं लागत होती, पण सगळी मिळाली नाहीत. माझ्या आजीचे पहिले यजमान त्यात होते. ते मिळाले नाहीत.

आजीने कुंकू पुसायला नकार दिला. घरच्यांनी खूप जोर लावला. पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करायचा विधी आहे, तो करून मोकळे होऊ म्हणाले. तिने विधी करू दिला, पण कुंकू ठेवलं. पुढे काही वर्षांनी तिने माझ्या आजोबांशी पाट लावला, मुलं झाली, भाताची शेती केली, सगळं रीतीने. आणि तरी अमावस्येला धक्क्यावर जाऊन यायची. आजोबा तिला सोडायला जायचे. लहानपणी मी विचारलं, तुला वाटतं का ते येतील? म्हणाली, "नाय येनार. पन माजं जानं ऱ्हाउंदे."

लोक म्हणायचे बाईचं डोकं फिरलंय. मला ती आमच्या घरातली सर्वात शहाणी बाई वाटते.

---

पारिजात

रेवसचा_धक्का, तुमच्या आजींनी जे केलं त्यावर पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंचं आख्खं आयुष्य गेलंय. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांबरोबर त्यांनी १९७० च्या दशकात काम सुरू केलं. पुढे ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमध्ये बेपत्ता कामगारांच्या घरच्यांबरोबरही केलं. त्या याला अँबिग्युअस लॉस म्हणतात: माणूस गेला की आहे हेच कळत नाही असा वियोग. त्याचा दुसरा प्रकार म्हणजे माणूस समोर आहे पण ओळखत नाही, स्मृतिभ्रंशात होतं तसं. त्यांचं म्हणणं असं की अशा घरांना "आता संपवा" असं सांगू नये. दोन्ही एकाच वेळी धरता येतं: तो बहुतेक गेलाय, आणि कदाचित नसेलही, मी नवं आयुष्य सुरू करतेय, आणि मी त्याला विसरले नाही. आजींनी हे कुणी न शिकवता केलं.

आणि आजोबांबद्दल फार आदर वाटला.

---

बाणगंगा_जवळ

वाळकेश्वरला राहतो, दहाव्याचे विधी रोज दिसतात, म्हणून एक गोष्ट सांगतो.

पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला नाही की एकेक नातेवाईक पुढे येऊन काहीतरी कबूल करतो. "धाकटीचं लग्न आम्ही करू." "गावचं घर विकणार नाही." लोकांना वाटतं ही अंधश्रद्धा, असेलही. पण नीट बघा, तिथे गेलेल्या माणसाचं काय राहिलं होतं याचा शोध चाललेला असतो, आणि तो सगळ्यांसमोर, मोठ्याने. भावाभावांत वर्षानुवर्षं न बोललेल्या गोष्टी त्या पायऱ्यांवर बोलल्या जाताना मी ऐकल्या आहेत.

खरी गंमत पुढे आहे. कितीही कबूल केलं तरी कावळा आला नाही, तर गुरुजी दर्भाचा कावळा करतात, तो पिंडाला लावतात आणि विधी पुरा होतो. म्हणजे उत्तर आलं नाही तर काय करायचं हेही ठरवलेलं आहे. ताटकळत ठेवत नाहीत. दुपारच्या आत घरी जाऊन जेवायचं असतं.

---

निवांत_पार्लेकर

लालबागची_लेक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्या वडिलांना मी जे लिहिलं ते लागू नाही, हे मान्य. माझ्या मनात वेगळे लोक होते, ज्यांना खरोखरच कोणी उत्तर देऊ शकत नाही. माझी पत्नी सात वर्षांपासून स्मृतिभ्रंशाने आजारी आहे. ती मला दादा म्हणते, तिच्या भावाला म्हणायची तसं. किती राहिलंय, किती समजतं, हे कोणीच सांगू शकत नाही. त्यामुळे मी रोज तो श्लोक म्हणतो. मला त्याचा उपयोग होतो.

---

लालबागची_लेक

काका, मला हे ठाऊक नव्हतं. काकूंना नमस्कार सांगा, त्यांना कळो न कळो.

---

पारिजात

तुम्हा दोघांच्या प्रतिसादांमुळे मला जे नीट मांडता येत नव्हतं ते दिसलं. आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच सल्ला देत असतो. काही उत्तरं कुणाकडे तरी असतात आणि ती देणं त्यांचं कर्तव्य असतं. गिरणीचा मालक, तपास करणारी यंत्रणा, नकार कळवायचा राहिलेला मुलाचा बाप, आमची लॅबसुद्धा. तिथे माणसाला "अनिश्चितता स्वीकार" म्हणणं म्हणजे देणेकऱ्याला मोकळं सोडणं. काही उत्तरं कुणाकडेच नसतात. समुद्राकडे नसतात, काकूंच्या डॉक्टरांकडे नसतात. तिथे घरच्यांनी, शेजाऱ्यांनी "काय ते एकदा ठरव" असा लकडा लावू नये.

आमच्या काउंटरवर मी आता एवढं करते: रिपोर्ट तयार नसेल तर "नाही आला" एवढ्यावर थांबत नाही. तुकडा कुठल्या टप्प्यावर आहे, पुढे काय होईल आणि मी नक्की कधी फोन करेन, ते सांगते. आणि तो फोन करते, सांगायला काही नसलं तरी. काचेवर हात आपटणं बरंच कमी झालंय.

---

काळा_कोट

दिवाणी न्यायालयात वकिली करतो. बेपत्ता माणसांची प्रकरणं येतात, म्हणून थोडं कायद्याचं, कोणाला उपयोग होईल.

ज्या लोकांना एरवी एखाद्या माणसाची खबर लागली असती, त्यांना सात वर्षं काहीच खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. पूर्वी हे १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १०८ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १११ आहे. हिंदू विवाह कायद्यातही सात वर्षं खबर नसणं हे घटस्फोटाचं कारण आहे. पण सात वर्षं झाली की आपोआप काही होत नाही, न्यायालयात जावं लागतं. म्हणून पोलीस ठाण्यात मिसिंगची तक्रार लगेच नोंदवा आणि तिची प्रत जपून ठेवा. अनेक घरं "तक्रार दिली म्हणजे तो गेला असं मानलं" या भीतीने जातच नाहीत. तक्रार शोधासाठी असते.

मोठ्या दुर्घटनेत सरकार वेगळी व्यवस्था करू शकतं. उत्तराखंडच्या २०१३ च्या पुरानंतर बेपत्तांसाठी सात वर्षं न थांबता दाखले दिले गेले. २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईसमोर पी-३०५ बार्ज बुडाला तेव्हा ओळख न पटणाऱ्या मृतदेहांसाठी डीएनए तपासणी झाली. उशीर लागतो, पण तो कागद कुटुंबाला लागतो. पेन्शन, बँक, खोलीचा करार, सगळं त्यावर अडतं. बायको मनात नवऱ्याला जिवंत ठेवू शकते आणि दाखलाही घेऊ शकते. दाखला घेतला म्हणून तिने त्याला मारलं असं होत नाही, हे मी प्रत्येकीला सांगतो.

---

सदाफुली

काळा_कोट दादा, माझ्या मैत्रिणीचे वडील तीन वर्षांपासून बेपत्ता आहेत. आई म्हणते विम्याचा हप्ता कशाला भरायचा, माणूसच नाही. हे बरोबर आहे का?

---

काळा_कोट

नाही, हप्ता थांबवू नका. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच विम्याच्या खटल्यात सांगितलं की सात वर्षांनी मृत्यू गृहीत धरता येतो, पण तो माणूस निघून गेला त्याच दिवशी झाला असं गृहीत धरता येत नाही. म्हणजे मधल्या वर्षांत हप्ते थांबले तर पॉलिसी बंद पडल्याचा मुद्दा कंपनी काढू शकते. हप्ता झेपत नसेल तर तसं कंपनीला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. मिसिंगची तक्रार केली आहे का? तारीख बघून मला व्यक्तिगत संदेश करायला सांगा.

---

सदाफुली

तक्रार आहे. तिला आत्ताच फोन करते.